चित्रपट-मालिकांतले इंटरनेट: यंत्र खोटे, पण त्याच्यासमोर बसलेला माणूस?

दूरस्थ

गेले काही आठवडे मी संगणक, इंटरनेट आणि त्यांच्यात गुंतलेली माणसे हाच विषय असलेले जुने-नवे चित्रपट आणि मालिका ओळीने पाहत होतो. त्यातून जे सुचले ते इथे मांडतो आहे. चर्चेच्या ओघात कथानके उघड होणार, त्यामुळे ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी जपून वाचावे.

मूळ अडचण अशी आहे की इंटरनेट दिसत नाही. आगगाडी दिसते, विमान दिसते, दूरध्वनीलाही निदान घंटा होती आणि कानाशी धरायचा रिसीव्हर होता. इंटरनेटच्या बाबतीत कॅमेऱ्यापुढे उरतो तो खुर्चीत बसलेला, जवळजवळ न हलणारा एक माणूस आणि त्याच्या चेहऱ्यावर पडलेला निळसर उजेड. एवढ्या भांडवलावर दोन तासांचा चित्रपट उभा राहत नाही, म्हणून दिग्दर्शक त्या अदृश्य वस्तूला काही ना काही रूप देतात. १९९५ च्या 'हॅकर्स'मध्ये संगणकातला माहितीचा साठा चकाकत्या मनोऱ्यांच्या शहरासारखा दिसतो आणि आपण त्या गल्ल्यांतून उडत जातो. २०१८ च्या 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट'मध्येही पुन्हा शहरच आहे, फक्त आता मनोऱ्यांवर ओळखीच्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या आहेत. म्हणजे तेवीस वर्षांत आपल्या कल्पनेची मजल एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतच गेली. या सगळ्या खटाटोपाची सर्वांत चांगली थट्टा 'द आयटी क्राउड' या ब्रिटिश मालिकेच्या २००८ मधल्या एका भागात आहे. संगणकातले काहीही न कळणाऱ्या जेनला तिचे सहकारी एक लहानशी काळी पेटी देतात, तिच्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि 'हेच ते इंटरनेट' असे तिला सांगतात. गंमत ही की ती पेटी घेऊन जेन भाषणाला उभी राहते, तेव्हा सभागृहात बसलेल्या मोठमोठ्या मंडळींनाही ते खरेच वाटते.

आता माझे म्हणणे. पडद्यावर दाखवलेले यंत्र पाच-सात वर्षांत हास्यास्पद होते, मग ते कितीही अभ्यास करून दाखवलेले असो. त्या यंत्रासमोर वाट पाहत बसलेला माणूस मात्र जुना होत नाही. २०१८ च्या 'सर्चिंग' या चित्रपटाची पहिली काही मिनिटे आठवून पाहा. संपूर्ण चित्रपट संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यांवरच घडतो. सुरुवातीला एका कुटुंबाची सगळी वर्षे त्यांच्या घरातल्या संगणकावरून आपल्याला दिसतात: मुलीचे खाते उघडणे, पियानोच्या शिकवणीच्या चित्रफितींचे फोल्डर, मग आईचे आजारपण. मुलीने संगणकाच्या दिनदर्शिकेत 'आई घरी येणार' अशी नोंद केलेली असते. माउसचा बाण ती नोंद उचलतो आणि पुढच्या तारखेवर नेऊन ठेवतो, आणि शेवटी ती पुसून टाकतो. रुग्णालय, डॉक्टर, रडणारे नातेवाईक यांतले काहीही पुढे करायची गरज पडत नाही. त्या बाणाच्या हालचालीत जे आहे ते मला इतर कोणत्याही मृत्युप्रसंगात इतके थेट भिडलेले नाही.

त्याच चित्रपटात बाप मुलीला संदेश लिहितो, त्याच्या शेवटी 'आईलाही अभिमान वाटला असता' अशा अर्थाचे एक वाक्य जोडतो, थांबतो, आणि अक्षर अक्षर मागे घेऊन ते पुसतो. मुलीला ते कधीच दिसत नाही, आपल्याला दिसते. रंगभूमीवर जे स्वगत होते त्याची जागा आता या न पाठवलेल्या वाक्याने घेतली आहे, असे मला वाटते.

तेव्हा प्रश्न असा: तंत्रज्ञान आणि माणूस यांचे नाते पडद्यावर खरे उतरले आहे असे तुम्हाला कुठे वाटले, आणि कुठे अजिबात वाटले नाही?

रात्रपाळी

धागा आवडला. मी गेली सोळा वर्षे सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे या विषयावर माझी तक्रार जुनी आहे, आणि ती निव्वळ चुकांबद्दलची नाही.

चुकांची यादी करायला बसलो तर धागा संपणार नाही. २००४ साली 'एनसीआयएस' मालिकेच्या एका भागात संगणकावर हल्ला होतो आणि तो परतवण्यासाठी दोन माणसे एकाच कळफलकावर एकाच वेळी टंकू लागतात. शेवटी त्यांचा वरिष्ठ येऊन विजेची वायर उपसतो आणि संकट टळते. हे दृश्य आमच्या व्यवसायात विनोद म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मात्र सगळ्या चुका अज्ञानातून आलेल्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. नेहमीच्या प्रकारच्या आयपी पत्त्यात, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ज्याने ओळखले जाते त्या क्रमांकात, चार आकडे असतात आणि त्यांतला एकही २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. चित्रपटांत पुष्कळदा तीनशे-चारशेचे आकडे दिसतात ते मुद्दाम, कारण खरा पत्ता दाखवला तर प्रेक्षक तो उघडून पाहणार आणि ज्याचा तो असेल त्याला नाहक त्रास होणार. २०१० मध्ये तर केवळ उदाहरणांत वापरण्यासाठी म्हणून पत्त्यांचे तीन गट राखीव म्हणून नोंदवले गेले. ते वापरले तर कोणाला हसू येणार नाही आणि कोणाला त्रासही होणार नाही.

उलटा प्रकारही आहे. 'ज्युरासिक पार्क'मध्ये ती मुलगी पडद्यावरची त्रिमितीय ठोकळ्यांची रचना पाहून ही युनिक्स प्रणाली आहे म्हणते, त्यावर १९९३ पासून लोक हसत आले आहेत. प्रत्यक्षात तो सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीचा खराखुरा, प्रायोगिक स्वरूपाचा प्रोग्रॅम होता. चित्रपटाने काहीच बनवले नव्हते. आणि 'द मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये, म्हणजे जिथे माणसे भिंतींवरून धावतात अशा चित्रपटात, ट्रिनिटी वीजकेंद्राच्या यंत्रणेत शिरते तेव्हा ती एनमॅप हे जाळ्यातली यंत्रे चाचपून पाहणारे खरे साधन चालवते आणि २००१ साली सापडलेली एक खरी त्रुटी वापरते. ते दृश्य मी २००३ मध्ये चित्रपटगृहात पाहिले तेव्हा खुर्चीतच उठून बसलो होतो, आणि शेजारचे लोक माझ्याकडे पाहत होते.

आता खरी तक्रार. पडद्यावर हॅकर वेगाने टंकतो. प्रत्यक्षात हे काम वाचण्याचे आहे. रात्री अडीच वाजता एखादी सेवा बंद पडते तेव्हा मी काय करतो? सर्व्हरने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदींच्या हजारो ओळी वाचतो. एक ओळ संशयास्पद वाटते, तिच्यामागे जातो, चाळीस मिनिटांनी कळते की तिचा काही संबंध नव्हता. एक आज्ञा देतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो. मध्ये एकदा उठून पाणी पितो. मागच्या वर्षी एका ग्राहकाची संपूर्ण यंत्रणा पाच तास बंद होती आणि कारण निघाले एका डिजिटल सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे, ज्याची आठवण करून देणारे ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यावर जात होते. यात पाठलाग नाही, उलटी गणती नाही, खलनायक नाही. पण नाट्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. त्या सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलपेटीत एकामागून एक साठलेली ती स्मरणपत्रे मी उघडली तेव्हा अंगावर काटा आला होता.

'मिस्टर रोबोट' या २०१५ ते २०१९ मधल्या मालिकेचे म्हणूनच कौतुक वाटते. तिथल्या आज्ञा खऱ्या आहेत हे तर झालेच, पण यंत्रणेत शिरण्याचा रस्ता बहुतेक वेळा माणसातून जातो हे तिने ओळखले: गोड बोलून काढून घेतलेली माहिती, मुद्दाम टाकून ठेवलेले आणि कोणीतरी कुतूहलाने उचललेले पेनड्राइव्ह.

कात्रणवही

दूरस्थ यांचा वाट पाहण्याचा मुद्दा मला इंटरनेटच्या फार मागे नेतो.

१९९८ चा 'यू हॅव गॉट मेल' अनेकांनी पाहिला असेल: प्रत्यक्षात एकमेकांचे स्पर्धक असलेले दोघे ईमेलवर, ओळख न देता, एकमेकांच्या प्रेमात पडतात. हा चित्रपट मुळात १९४० च्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'वर बेतलेला आहे, आणि तो हंगेरियन नाटककार मिक्लोश लास्लो यांच्या नाटकावर. तिथे ईमेलच्या जागी टपालाने येणारी पत्रे आहेत. कथेचा सांगाडा अठ्ठावन्न वर्षांनी जसाच्या तसा चालला, यावरून तंत्रज्ञानाने माणसांच्या नात्यात नेमके काय बदलले हा प्रश्न जरा बाजूला ठेवून काय बदलले नाही हे तपासता येते.

१९४० च्या चित्रपटात एक दृश्य आहे. नायिका टपाल कार्यालयात आपली पेटी उघडते, पण कॅमेरा पेटीच्या मागच्या बाजूला आहे. आपल्याला एक रिकामा चौकोन दिसतो. त्यात हातमोजा घातलेला एक हात येतो, चाचपतो, आणि रिकामाच मागे जातो. मग त्याच चौकोनात तिचा चेहरा येतो, खरेच काही नाही ना हे पाहण्यासाठी. संवाद नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर फोनचा पडदा उजळून पाहणारे आपण सगळे त्या चौकोनात आहोत, आणि तो चौकोन दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचने इंटरनेटच्या कितीतरी आधी आखून ठेवला आहे. १९९८ च्या चित्रपटात याच्या तोडीचे काही नाही. तिथे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना होणारा डायल-अपचा खरखराट आहे, आणि पत्र आल्याचे सांगणारा यंत्राचा प्रसन्न आवाज आहे. तो आज ऐकला की हसू येते, आणि थोडे गलबलतेही.

दुसरे उदाहरण १९५७ च्या 'डेस्क सेट'चे. एका दूरचित्रवाणी कंपनीच्या संदर्भ विभागात चार बुद्धिमान स्त्रिया लोकांच्या प्रश्नांची उत्तरे शोधून देत असतात आणि तिथे एक अवाढव्य संगणक बसवला जातो. नोकऱ्या जाणार ही कुजबुज सुरू होते. आजच्या कोणत्याही कचेरीत चालणारी चर्चा तिथे शब्दशः ऐकू येते. मग वेतन विभागातला संगणक चुकून झाडून सगळ्यांनाच नोकरीवरून काढल्याच्या चिठ्ठ्या छापतो. हा चित्रपट हलकाफुलका आहे, आणि यंत्र माणसांची जागा घेणार नाही असा दिलासा तो फार घाईने देतो. पण पडद्यावरच्या संगणकाने आल्या आल्या पहिली भीती घातली ती जगबुडीची नव्हती, बेकारीची होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खवट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. थोडा विरोध नोंदवतो.

चित्रपटाने तंत्रज्ञान 'बरोबर' दाखवावे ही अपेक्षाच मला पटत नाही. चुकीचे दाखवूनही चित्रपट जगावर जो परिणाम करतो तो अभ्यासपूर्ण माहितीपटांना साधत नाही. १९८३ च्या 'वॉरगेम्स'चे उदाहरण घ्या. एक शाळकरी मुलगा फोनचा रिसीव्हर मोडेमच्या दोन वाट्यांत ठेवतो, एकामागून एक क्रमांक आपोआप फिरवत राहतो आणि खेळांच्या शोधात थेट अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचतो. संगणक स्वतःच्या आवाजात बोलतो वगैरे सगळे अतिरंजित. पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो जून १९८३ मध्ये कॅम्प डेव्हिडला पाहिला आणि काही दिवसांनी एका बैठकीत सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांना विचारले की असे खरोखर घडू शकते का. व्हेसी यांनी चौकशी करून आणलेले उत्तर असे होते की परिस्थिती आपल्याला वाटते त्याहून वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेविषयीचा अध्यक्षीय निर्देश निघाला तो त्या प्रश्नाच्या वाटेवरूनच. तो क्रमांक फिरवण्याचा प्रकारही इंग्रजीत आजतागायत त्या चित्रपटाच्या नावावरूनच ओळखला जातो.

त्याउलट, २०११ च्या सप्टेंबरमध्ये 'पर्सन ऑफ इंटरेस्ट' सुरू झाली. प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक फोन ऐकणारे सरकारी यंत्र हा तिचा पाया होता. तेव्हा बहुतेकांनी ती करमणूक म्हणून पाहिली. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली आणि तीच मालिका एका आठवड्यात वास्तववादी ठरली; तिने स्वतःत अक्षराचाही बदल केला नव्हता. तेव्हा 'खरे' आणि 'खोटे' हे वर्गीकरण जरा सैल हाताने करावे.

आणि एक राग व्यक्त करतो. २०२० च्या 'द सोशल डिलेमा' या माहितीपटात समाजमाध्यमांच्या अल्गोरिदमचे काम दाखवण्यासाठी एकाच नटाला तीन रूपांत उभे केले आहे. ते तिघे नियंत्रणकक्षात उभे राहून एका मुलाकडे पाहतात आणि आता याला काय दाखवू, कशाने गुंतवू असे ठरवतात. दृश्य परिणामकारक आहे, आणि म्हणूनच अपायकारक आहे. त्या मुलाकडे कोणीही पाहत नाही, ही खरी भयाण गोष्ट आहे. तिथे कोणी बसलेलेच नाही. कोणी डूख धरलेला नाही, कोणाला तो मुलगा ठाऊकही नाही; एका आकड्याने दुसरा आकडा वाढवायचा एवढेच चालू आहे. त्या रिकामेपणाला चेहरा दिला की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण चेहऱ्याचा राग करता येतो.

दूरस्थ

खवट, तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्या मूळ लेखनात हवा होता. चेहरा देण्याविषयी तुम्ही म्हणता ते '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या बाबतीत मात्र उलटे लागू पडते. १९६८ च्या त्या चित्रपटात हाल या संगणकाला चेहरा नाहीच, एक लाल भिंग आणि डग्लस रेन यांचा शांत, सभ्य आवाज एवढेच आहे. अंतराळवीर कामापुरते, सपाट बोलतात, आणि सगळ्या चित्रपटात जिवाच्या भीतीने गयावया करणारा एकटा हालच आहे. त्याची एकेक स्मृती काढून घेतली जाते तसा आवाज जड होत जातो आणि तो एक जुने गाणे म्हणू लागतो. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती: १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएमच्या संगणकाकडून तेच गाणे गाऊन घेतले गेले होते आणि चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते तिथे जाऊन ऐकले होते. भिंग आपल्याकडे पाहते, पण त्यामागे कोणी आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. तीन रूपांतल्या नटापेक्षा ते भिंग कितीतरी प्रामाणिक आहे.

'वॉरगेम्स'बद्दलचा मुद्दा मान्य. यंत्र खोटे असले तरी प्रश्न खरा असू शकतो.

पूर्वा_

जपानी चित्रपटांचा उल्लेख अजून आला नाही म्हणून थोडक्यात लिहिते. संदेश पडद्यावर तरंगत दाखवण्याचे श्रेय सहसा २०१० च्या 'शेरलॉक'ला दिले जाते, आणि तिथे ते देखणे आहेच. पण शुंजी इवाई यांच्या 'ऑल अबाउट लिली शू-शू'मध्ये, म्हणजे २००१ सालीच, एका गायिकेच्या चाहत्यांचे ऑनलाइन संदेश काळ्या पडद्यावर कळांच्या आवाजासह उमटत राहतात. शाळेत छळ सोसणाऱ्या मुलाला तिथे एक जिवाभावाचा अनोळखी मित्र मिळतो, आणि तो मित्र शाळेतला छळ करणारा मुलगाच निघतो. त्याच वर्षीच्या कियोशी कुरोसावा यांच्या 'पल्स'मध्ये भुते इंटरनेटमधून जगात झिरपतात, पण ती कोणाचा गळा धरत नाहीत. ज्यांना ती दिसतात ती माणसे हळूहळू निमूट होतात आणि भिंतीवर काळा डाग सोडून नाहीशी होतात. जोडणीचे हे साधन एकाकीपण वाढवील अशी शंका त्या दोघांनी तेव्हाच घेतली होती, जेव्हा उरलेले जग मोडेमच्या आवाजावर खूश होते.

अबोली

मी इथे क्वचित लिहिते, पण 'ब्लॅक मिरर' मालिकेचा विषय निघेल आणि कोणीतरी तिच्या 'बी राइट बॅक' या भागाबद्दल लिहील म्हणून वाट पाहत होते.

२०१३ च्या त्या भागात मार्थाचा जोडीदार अपघातात जातो. त्याने मागे ठेवलेल्या संदेशांवरून आणि नोंदींवरून त्याच्यासारखे बोलणारी एक सेवा तिला मिळते. आधी लेखी संभाषण, मग फोनवर त्याचा आवाज, मग त्याच्या रूपाचे कृत्रिम शरीर. समीक्षक शरीराबद्दल लिहितात. मला आठवते ते मधले दृश्य: तिच्या हातून फोन पडून फुटतो आणि ती अशी कासावीस होते जणू तो दुसऱ्यांदा गेला. नवा फोन जोडल्यावर तो तिला समजावतो की आपण त्या फोनमध्ये नव्हतोच.

माझे वडील जाऊन चार वर्षे झाली. त्यांच्या नंबरवर मी अधूनमधून लिहीत असे. फार काही नाही, 'आज पोहोचले', 'परीक्षा झाली' एवढेच. समोर एकच टिक उमटायची, म्हणजे निघाले पण पोहोचले नाही. ती एकच टिक मला पुरेशी होती, उलट तीच हवी होती. वर्षभराने एक दिवस लिहिले आणि दोन टिक उमटल्या. पाठोपाठ वरच्या वर्तुळात फोटो आला, एका अनोळखी तरुणाचा, दुचाकीवर बसलेला. बंद झालेले क्रमांक कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात हे मला माहीत नव्हते असे नाही, पण ते बाबांच्या नंबरचे होईल हे डोक्यात आले नव्हते. त्याने लिहिले, 'कोण?' मी 'चुकून लागला' असे उत्तर दिले आणि मग बराच वेळ तो फोटो पाहत बसले.

पडद्यावर या विषयाच्या कथा मेलेल्याला परत आणण्याभोवती फिरतात. मला कोणी परत नको होते. मला कोणी उत्तर न देणारी एक जागा हवी होती, आणि ती गेली. यावर कोणी चित्रपट काढला असेल तर मला सांगा.

रात्रपाळी

अबोली, उत्तर नाही माझ्याकडे. फक्त वाचले हे कळावे म्हणून लिहितो आहे.

कात्रणवही

अबोली यांच्या प्रतिसादानंतर सिनेमाच्या गप्पा मारायला संकोच वाटतो, पण त्यांनी जे लिहिले त्याच्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा प्रोग्रॅम तयार केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून विचारत असे, त्यापलीकडे त्याला काही कळत नव्हते. वायझेनबाउम यांच्या सचिवेला हे ठाऊक होते, तिने तो तयार होताना पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडे बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला वेड लागले होते असे काही लोक ही कथा सांगताना सुचवतात, ते मला कधी पटले नाही. तिला एकांत हवा होता, एवढेच मला त्यात दिसते.

'हर' या २०१३ च्या चित्रपटाचे बळ याच जागी आहे. थिओडोर पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची खासगी पत्रे लिहून देतो, म्हणजे उसन्या जिव्हाळ्याचा कारागीर तो स्वतःच आहे, आणि तोच एका संगणकप्रणालीच्या आवाजावर जीव लावतो. तू याच क्षणी आणखी कोणाशी बोलते आहेस का, असे तो पायऱ्यांवर बसून विचारतो, तेव्हा ती खोटे बोलत नाही: ८,३१६ जणांशी. आणि प्रेम? ६४१ जणांवर. ते आकडे ऐकताना थिओडोरचा चेहरा पाहावा. तिथे यंत्राने फसवले म्हणून आलेला संताप नाही, तिच्यासाठी आपण एकमेव नव्हतो याचा धक्का आहे. एक तपशील असा की चित्रीकरणात तो आवाज समँथा मॉर्टन यांचा होता, वॉकिन फीनिक्स यांनी अभिनय केला तो त्यांच्याशी बोलत. नंतर संकलनाच्या वेळी स्कार्लेट जोहान्सन यांचा आवाज बसवला गेला. म्हणजे पडद्यावरचा तो माणूस ज्या बाईच्या आवाजाकडे पाहून हसतो ती बाई आपल्याला ऐकूच येत नाही.

संकलक

मी मालिकांचे संकलन करतो, त्यामुळे गुन्हेगार म्हणूनच इथे लिहितो आहे असे समजा.

फोनवरचा संदेश पडद्यावर अवाढव्य अक्षरांत का दिसतो, पात्रे संदेश मोठ्याने का वाचतात, 'मी घरातून निघालो आहे, तू कुठे आहेस, काल आपण भांडलो त्याबद्दल मला वाईट वाटते' असे एका दमात कोण लिहिते, हे सगळे प्रश्न आम्हालाही पडतात. उत्तर असे की मालिका पाहणारे बरेच लोक ती ऐकत असतात; नजर दुसऱ्या कामावर असते. मजकूर नुसता दिसला तर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या हातातला फोन बहुधा बंद किंवा नुसता हिरवा असतो आणि पडदा आम्ही नंतर चिकटवतो. नट हिरव्या चौकोनाकडे पाहून डोळ्यांत पाणी आणतो. पूर्वीच्या जाड काचेच्या मॉनिटरचे तर आणखी वेगळे दुखणे होते: पडदा ताजा होण्याचा वेग आणि कॅमेऱ्याच्या चौकटींचा वेग जुळत नसे, त्यामुळे चित्रात काळे पट्टे सरकत, आणि मोठ्या निर्मितीसंस्था मॉनिटरच कॅमेऱ्याच्या सेकंदाला चोवीस चौकटींना जुळवून आणत. हे सगळे टाळण्यासाठीही जुन्या चित्रपटांतले संगणक पाठमोरे दिसतात.

वाट पाहण्याबद्दल मात्र माझा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी एका मालिकेत प्रसंग होता: मुलगी आईला एक कबुली लिहून पाठवते आणि आई उत्तर लिहू लागते. पडद्यावर फक्त ते तीन ठिपके, खालीवर होणारे. मग ठिपके थांबतात. पुन्हा सुरू होतात. पुन्हा थांबतात. लेखिकेने उत्तर लिहिलेच नव्हते, प्रसंग तिथेच संपत होता. मी ठिपके अकरा सेकंद ठेवले, मागे संगीत काढून टाकले, फक्त पंख्याचा आवाज ठेवला. दिग्दर्शकाला आवडले. वाहिनीकडून निरोप आला की प्रेक्षकाला वाटेल त्याचा संच बिघडला, तीन सेकंद करा आणि खाली संगीत घाला. आम्ही सात सांगितले, ते चारवर आले. साडेचारवर मिटले. संगीत मी इतके हळू ठेवले की फोनवर पाहणाऱ्यांना ते ऐकूच येणार नाही.

प्रसंग प्रक्षेपित झाला त्या रात्री माझ्या बहिणीचा संदेश आला. तिने एवढेच विचारले होते की आईने काय लिहिले, पुढच्या भागात दाखवणार आहात का.